उंबऱ्यावरची पेशी

चोरओटी चोरून भरायची असते, हे नागुबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून सून शिल्पाला तिसरा महिना लागताच त्यांनी लातूरच्या भाड्याच्या घरात दार लावून ओटी भरली. मग आपल्या गावी नायगावला जाऊन प्रत्येक बाईला वेगवेगळं गाठलं आणि "कुणाला सांगू नको बरं" असं बजावलं. गुप्तता इतकी कडक पाळली गेली की आठवड्यात बातमी हदगावपर्यंत पोचली. पाहुण्यांची पहिली जीप निघाली, तिच्यात पुढच्या सीटवर नागुबाईच होत्या.

मग रोजच पाहुण्या. कुणी चिंचा आणल्या, कुणी धपाटे, कुणी स्वतःच्या बाळंतपणाच्या भयंकर आठवणी. येईल त्या म्हातारीच्या पाया पडायला शिल्पा उठायची, वाकायची. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना ती क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. पण अर्ध्या नांदेड जिल्ह्यापुढं वाकण्याचा धडा त्या अभ्यासक्रमात नव्हता.

एके सकाळी शिल्पाला रक्ताचा डाग दिसला. डॉक्टर महामायांनी तपासलं. "ठोके चांगले आहेत. पण आता उठबस बंद, वाकणं बंद."

"म्हंजे पाया बी पडायचं न्हाई?" नागुबाईंनी विचारलं.

"माझ्यासुद्धा नाही," डॉक्टर म्हणाल्या.

घरी येताच नागुबाईंनी पदर डोळ्याला लावला. "नजर लागली गं माझ्या लेकराला. कोन राखनार आता त्याला?"

"आत्याबाई, आत पहारा आहे," शिल्पा पडल्या पडल्या म्हणाली. "दिवस राहिले की गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी फुगतात, साखर-चरबी साठवतात. डेसिड्युअल पेशी म्हणतात. गर्भ आला की त्याला जागा देतात, खाऊ घालतात. पण तो मुळं फार खोल घालायला लागला की सांगतात, बस, इथपर्यंतच. आणि आईच्या अंगातले शिपाई त्याला परका समजून धावले, तर त्यांनाही गोडीत शांत बसवतात."

नागुबाईंचं रडणं थांबलं. "खाऊ बी घालायचं, अडवायचं बी, अन् भांडन बी होऊ द्यायचं न्हाई?"

"हो."

"हे तर सासूचं काम हाय!"

"सासवांना ते जमल्याचं पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही."

"अन् बाळंतपन झाल्यावर?"

"वार पडते, तिच्याबरोबर तो पेशींचा थरही गळून जातो. काम संपलं."

हे शेवटचं नागुबाईंना फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्यावर खुर्ची आली आणि मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. येईल तिला लाडू, जिन्यातच चहा. "सून उठनार न्हाई. तिच्या वाटचं पाया मी पडते," असं म्हणून नागुबाई खरंच वाकायच्या. खुद्द घरची सासू पायाशी आलेली पाहून पाहुण्या लाडवासकट मागं उडी मारायच्या. तिथून खाली उतरायला जिना सोयीचा होता. नागुबाईंचा मुलगा दयानंद मात्र आत जाऊ शकायचा, चप्पल काढून, मोबाइल बंद करून.

खरी परीक्षा बिलोलीहून आली. शिल्पाची आई गुणाबाई, आणि मागं जीपभर बायका.

"विहीणबाई, सरा. माझी लेक हाय."

"तुमी एकट्या या. जीप खालीच ऱ्हाऊ द्या."

"एवढ्या लांबून आल्यात बिचाऱ्या! लोक काय म्हनतील?"

"थांबा, समद्यांच्या पाया पडते मंग." आणि मुलाची आई असून नागुबाई मुलीकडच्या बायकांपुढं कंबर धरून वाकल्या. असला उफराटा प्रकार बिलोलीच्या बायकांनी जन्मात पाहिला नव्हता. पदर सावरत सगळ्या जीपमध्ये जाऊन बसल्या. गुणाबाई तेवढ्या आत गेल्या आणि उठू पाहणाऱ्या लेकीवर खेकसल्या, "पड गुमान! तुझी सासू भाईर पाया पडून राहिली, ते काय गंमत म्हनून?"

दिवस भरले. मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. बारसं उरकल्याच्या दुसऱ्या सकाळी नागुबाई पिशवी भरून दारात उभ्या.

"आई, कुठं निघालीस?" दयानंदनं विचारलं.

"थर गळला. काम संपलं." आवाज कोरडा ठेवायचा त्यांनी बराच प्रयत्न केला.

शिल्पा आतून म्हणाली, "आत्याबाई, अर्धाच धडा झाला होता. ते अस्तर पुढं दर महिन्याला नवं तयार होतं."

"पाहुना असो, नसो?"

"असो, नसो."

नागुबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मंग उगं जाऊन येऊन यष्टीत हाडं कशाला खिळखिळी करायची?" म्हणाल्या, आणि पिशवीतला लाडवांचा डबा तेवढा बाहेर काढला.