पोस्टरवरची आडवी रेघ

दिग्दर्शकाने पोस्टरवरच्या नावावर तळहात दाबून धरला. हात उचलला तर नाव जागच्या जागी: ‘हरवलेली मुलगी’.

“माझ्या सिनेमाचं नाव ‘भिंगरी’ आहे,” तो म्हणाला.

“इथे आहे हो. पण परदेशात भिंगरी कोणाला कळणार?” वितरकबाईंनी पोस्टरच्या कोपऱ्यावरचा चहाचा कप उचलला. “मुलगी हरवली म्हटलं की तिकडे लोक तिकीट काढतात. भिंगरीला कोण येणार, तुम्हीच सांगा.”

“एकच यायचीय.”

बाईंना ते कळलं नाही. कळणार तरी कसं? भिंगरी म्हणजे त्याची लेक. घरात पाय ठरायचा नाही तिचा, म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. दुसरं कोणी त्या नावाने हाक मारत नसे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या लग्नावरून वाजलं आणि “पुन्हा तोंड दाखवू नकोस” असं हाच बोलून बसला. सिनेमा आता जिथे लागणार होता, त्याच देशात ती गेली, एवढंच ठाऊक. फोन नाही, पत्ता नाही. रस्त्यातल्या पोस्टरवर आपलं नाव दिसलं तर थबकेल, या वेड्या आशेवर बापाने अख्खा सिनेमा काढला.

आणि करार करताना अक्कल कुठे चरायला गेली होती? एकही दृश्य कापू देणार नाही म्हणून तीन दिवस भांडला. नाव बदलायचा हक्क वितरकाचा, ते कलम मात्र वाचलंसुद्धा नाही.

“ती हरवलेली नाही, बाई. मी हाकललीय तिला.” त्याने हात जोडले. “पाया पडतो तुमच्या. नाव राहू द्या.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“माझ्या हातात नाही हो ते. दुपारी छपाईला जातंय. तुमचं नाव नीट आलंय का बघा आणि सही करा. तेवढंच काय ते तुमच्या मर्जीचं.”

पोस्टरच्या तळाशी त्याचं नाव होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते परदेशात झळकणार होतं. त्याने पेन घेऊन त्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘भिंगरी’.

“दिग्दर्शक म्हणून?” बाईंनी वाकून वाचलं. “अहो, मग तुम्ही कुठेच उरत नाही.”

“नसू दे.”

त्याने सही केली, पोस्टर त्यांच्याकडे सरकवलं आणि पुन्हा आपल्याकडे ओढलं.

“अक्षरं जरा मोठी करा,” तो म्हणाला. “तिला लांबचं दिसत नाही.”