बहुधाबाईचा अर्ज

घरात तिला वडील 'बहुधाबाई' म्हणत. पेपर कसा गेला विचारलं की ती म्हणायची, बहुधा बरा. जेवलीस का, याचंही उत्तर बहुधा. वडील खेळाचे शिक्षक. त्यांनी शिट्टी फुंकली की बाद म्हणजे बाद. "पंचाच्या पोटी हे शंकेखोर पोर कुठून आलं," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असे.

हीच बहुधाबाई पुढे परदेशात संशोधक झाली. साठवलेल्या धान्यातली कीड मारणारी एक बुरशी होती, तिच्यावर तिचं काम चाले. तिथंच राहून ते पुढे नेता यावं म्हणून तिनं कुशल कामगाराच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. निकाल लागण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज आपोआप रद्द. आणि नेमके त्याच काळात वडील गेले.

"तू येऊ नकोस," आई फोनवर म्हणाली. "अर्ध्यावर डाव सोडलेला त्यांना कधी चालला?"

तिनं ऐकलं. काही दिवस खोलीचं दार लावून बसली, मग कामावर गेली. इकडे आईनं वडिलांचं कपाट उघडलं नव्हतं. लेक आली की दोघी मिळून आवरू, एवढंच ती म्हणे. कधी येतेस, असं मात्र एकदाही विचारत नसे, आणि तेच लेकीला जड जाई.

मग परवाना कचेरीतून विचारणा आली. या बाईंची इथे खरोखर गरज आहे असं कागदांवरून दिसत नाही. खुलासा करावा, नाहीतर अर्ज नामंजूर.

तिच्या अर्जाचं काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी ते कागदच तिच्यापुढे टाकले. प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंनी शिफारस केली होती, 'यांच्या कामात मला अद्याप मोठी चूक आढळलेली नाही.' हे वाचून तेव्हा तिचा ऊर भरून आला होता. प्रमुखबाईंकडून याहून मोठी स्तुती आजवर कुणाच्या वाट्याला आली नव्हती. आणि तिच्या स्वतःच्या निवेदनात तर 'असे दिसते', 'शक्यता आहे', 'आजच्या माहितीनुसार' यांचा नुसता सडा पडला होता.

"तुम्ही संशोधक लोक स्थळ सुचवायला गेलात ना," वकीलबाई म्हणाल्या, "तर मुलीला नाक असावंसं वाटतं, एवढंच सांगाल. कचेरीतल्या माणसाला हो किंवा नाही हवं असतं. हे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं लिहून आणा."

प्रमुखबाईंना हे सांगायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसऱ्या कुणाला जमत नाही हे मी कसं लिहू, त्या म्हणाल्या; सगळ्या दुसऱ्यांना मी कुठे तपासलंय?

म्हणणं रास्त होतं. तिनं स्वतःही हेच म्हटलं असतं. ती उठून दारापर्यंत गेली, तेव्हा मागून हाक आली.

"तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही येत नव्हता. त्या दिवसांत इथे काय झालं, सांगितलं कुणी?"

कुणीच नव्हतं सांगितलं. ती बुरशी सारखी ताज्या खाद्यावर हलवावी लागे, आणि तिच्यात हुबेहूब तिच्यासारखीच दिसणारी, पण कीड न मारणारी दुसरी एक फुकटी बुरशी घुसे. तिरप्या उजेडात धरलं की खरीची कड किंचित करडी दिसते, फुकटीची नाही. हा फरक संशोधक लेकीच्या नजरेत इतका मुरला होता की तो कुणाला सांगायला हवा हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं, मिशाळनं, तिच्या मागे सगळं सांभाळलं. म्हणजे मनोभावे फुकटीलाच पोसलं. खरी मेली. मग त्यानं आणि प्रमुखबाईंनी तिनंच गोठवून ठेवलेल्या साठ्यातून ती पुन्हा वाढवली, आणि बहुधाबाई कामावर यायच्या आत टेबल होतं तसं मांडून ठेवलं.

"तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं," प्रमुखबाई म्हणाल्या. "आता लिहिण्यासारखं आहे. तुम्ही नव्हता आणि काम थांबलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. यात बहुधा कुठे येत नाही."

ती दाराशीच उभी राहिली. खोलीत बसून काढलेले ते दिवस ती आजवर कशातच धरत नव्हती.

खुलासा गेला. पुढे वाट पाहण्यात दिवस गेले. एका सकाळी ती हातमोजे चढवत असताना वकीलबाईंचा फोन आला. मंजूर. मिशाळनं टेबलावर थाप मारली. तिला एकदम सडकून भूक लागली, कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी. प्रमुखबाईंनी अभिनंदन केलं, आणि त्याच दमात सांगितलं की घरी खुशाल जाऊन या, पण जाण्याआधी मिशाळांना ती करडी कड दाखवा.

दाखवण्यात दुपार गेली. मिशाळ डोळे बारीक करकरून पाहत होता. शेवटी म्हणाला, दिसते, बहुधा.

"पुन्हा बघ," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं आईला फोन लावला. परवाना मिळाल्याचं सांगितलं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग कधी येतेस?"

"गुरुवारी सकाळी. तिकीट काढलंय."

पुढे एक शब्द येतो, तो येईल म्हणून आई थांबली असावी.

"बहुधा नाही ना?"

"नाही गं आई. येतेय."

"बरं," आई म्हणाली. मग, "कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय कोण जाणे. शोधून ठेवते."