हजार उशांचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. ज्या वर्षी फोटोवाल्या काकांनी आपल्या मुलीला शाळेत घातले, त्याच वर्षी मी त्यांच्या दुकानात आलो. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे कुणी माझी भिंगे घासली, कुणी शटर बसवले आणि मला खोक्यात बंद केले. खोके उघडले तेव्हा पहिला चेहरा दिसला तो त्या मुलीचा. तिचे समोरचे दोन दात पडलेले होते.

दुकान लहान होते. एक स्टूल, आरसा आणि दोरीला बांधलेला कंगवा. गिऱ्हाईक स्टुलावर बसले की काका दोनच वाक्ये म्हणत, "हलू नका. हनुवटी थोडी वर." लोक म्हणत, "काकांच्या फोटोत माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसतो." ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे माझे शटर मंदावले. शटर म्हणजे माझी पापणी. ती सावकाश मिटू लागली आणि हलणारा माणूस माझ्यात धुरकट उमटू लागला. दुकानात नवा कॅमेरा आला. मी कपाटावर जाऊन बसलो. कित्येक वर्षे मला कुणी विचारले नाही.

एके दिवशी काकांची मुलगी तणतणत दुकानात आली. ती आता व्यायामशिक्षिका झाली होती. शहराच्या बागेतले मोठे मैदान बंद करून तिथे गाड्या उभ्या करायचे घाटत होते.

"नगरपालिकेचे साहेब म्हणतात, त्या मैदानावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही! सोमवारी निकाल लावणार. मग मुलांनी खेळायचं कुठे?"

"मग सभा घे," काका म्हणाले.

"सभेला कोण येतंय, बाबा? मी सगळ्यांना उशी घेऊन मारामारीला बोलावलंय. तुम्ही फोटो काढा. सगळं मैदान त्यात दिसलं पाहिजे."

रविवारी सकाळी नवा कॅमेरा सुरूच होईना. काकांनी मला खाली काढले, धूळ फुंकली आणि गडबडीत एकच रोल भरून निघाले.

मित्रांनो, काय सांगू! मैदान माणसांनी फुलले होते. बेकरीवाला, टपालवाल्या ताई, दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांच्या काखेत उशी. काका माझ्यासह उंच शिडीवर चढले.

"बाबा, पडाल हं!"

"पडलो तर खाली उशाच आहेत की!"

शिट्टी वाजली आणि जी धुमश्चक्री उडाली! काका फोटोमागून फोटो काढत होते, पण माझा मंद आवाज ऐकून त्यांचा चेहरा उतरत होता. एवढी पळापळ माझ्यात नुसता धूर होऊन उमटणार, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते. अखेर फिल्मवर एकच फोटो उरला. आणि जन्माची सवय त्यांच्या तोंडून ओरडली, "हलू नका! हनुवटी थोडी वर!"

आणि सारे मैदान थांबले! निम्म्या शहराचे फोटो काकांनीच काढलेले. तो आवाज ऐकल्यावर हलायचे नसते, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेले होते. एक सून सासूबाईंवर उशी उगारून तशीच उभी राहिली आणि सासूबाई सुनेच्या पाठीत उशी घालता घालता. हजार हनुवट्या वर. मी माझी म्हातारी पापणी सावकाश मिटली.

त्या फोटोत एकूण एक चेहरा स्पष्ट आला. फाटक्या उशांतला कापूस मात्र काकांचे ऐकेना. त्याच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या सगळ्यांच्या डोक्यावर उमटल्या.

सोमवारी साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "अरे, ही तर आमची आई!"

"हो," काकांची मुलगी म्हणाली, "आणि फार जोरात मारतात हो त्या!"

बैठकीत हशा पिकला. मैदान वाचले! मला खांद्यावर घेऊन लोक घरापर्यंत नाचत आले.

मित्रांनो, जुनी वस्तू कपाटावर टाकून विसरू नका. अधूनमधून तिला पुसा, तिच्याकडून थोडे काम करून घ्या. मैदानाचेही तसेच आहे. रोज जाऊन त्यावर खेळा, म्हणजे ते रिकामे आहे असे कुणाला म्हणता येणार नाही.

फोटोवाले काका मैदान वाचल्यानंतर सहाव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी वारले. ते एक्याऐंशी वर्षांचे होते. त्या दिवशीही मैदान भरलेले होते.