तिसरा आग्रह

माझी मुलगी मार्नी आणि जावई कोल्बी माझ्या तळघरात राहायला आले, तेव्हा 'फक्त एवढा उन्हाळा' असं ठरलं होतं. त्यानंतर आणखी दोन उन्हाळे गेले. कपडे धुवायला मी खाली उतरले की कोल्बी पलंगावरून पाय वर घेतो, मी मशीन लावते, 'सॉरी हं' म्हणते, तोही 'सॉरी' म्हणतो. घर माझं, मशीन माझं, तरी आम्ही दोघं एकमेकांची माफी मागत असतो.

दोघांच्या नोकऱ्या चांगल्या आहेत. मार्नी दातांच्या दवाखान्यात असते आणि कोल्बी महापालिकेत हिवाळ्यात बर्फ काढायची गाडी चालवतो, उन्हाळ्यात बर्फाने पाडलेले खड्डे बुजवतो. कर्जही मंजूर होतं. मिळत नव्हतं ते घर. आमचं डे मॉइन शहर इतकं झपाट्याने वाढलं आहे की गुरुवारी अंगणात विक्रीची पाटी लागते आणि रविवारी लोक बघायला येईपर्यंत घर गेलेलं असतं. जो घेतो तो मागितल्याहून जास्त देतो, तेही रोख आणि तळघरात पाणी येतं का हे न बघता. एका जाहिरातीत लिहिलं होतं, 'वरच्या मजल्यावरून विधानभवनाचा सोनेरी घुमट दिसतो.' मार्नीने कमोडवर उभं राहून पाहिलं, तेव्हा तो दिसला. त्या घरासाठीसुद्धा नऊजण भांडत होते.

अशा वेळी आमच्या शेजारच्या एल्डन थोर्सनने त्याचं घर विकायला काढलं.

एल्डन चौऱ्याऐंशीचा. बायको, अर्डिस, दीड वर्षापूर्वी गेली. गुडघे बोलायला लागले म्हणून तो तलावाजवळच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत चालला होता. त्याचं घर विटांचं, छोटं, उतरत्या छपराचं, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच. ते घर मार्नीने घ्यावं असं मला वाटत होतं का? इतकं वाटत होतं की रात्री झोप लागत नव्हती. माझा नवरा पंधरा वर्षांपूर्वी थंडीला कंटाळून ॲरिझोनाला गेला आणि तिथलाच झाला. मला जवळचं म्हणावं असं माणूस ही एकच पोर. पण मी तिला एका शब्दाने बोलले नाही. घर त्यांचं, कर्ज त्यांचं. आपली इच्छा दुसऱ्याच्या ताटात वाढू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.

एल्डनने कुंपणावरूनच विचारलं. मार्नी टोमॅटोला काठ्या लावत होती.

"एजंटला द्यायच्या आधी म्हटलं तुम्हाला विचारावं," तो म्हणाला. त्याने आकडा सांगितला. बाजारात त्याला सहज तीस हजार डॉलर जास्त आले असते.

"अहो काका, नको, नको," मार्नी म्हणाली. "आमच्यापायी तुमचं नुकसान कशाला?"

"त्यात कसलं नुकसान?"

"नाही, खरंच नको. पण विचारलंत, बरं वाटलं."

"बरं," एल्डन म्हणाला आणि पाऊस कधी पडेल यावर दोघं बराच वेळ बोलले.

यात काही बिघडलं असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही. इथे पहिल्यांदा नाहीच म्हणतात. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं, पण जरा मऊ आवाजात, म्हणजे समोरच्याला वाट दिसते. तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर' असं पुटपुटून घ्यायचं. मी विमा कंपनीत नोकरीला होते तेव्हा वाढदिवसाच्या केकचा शेवटचा तुकडा कोणी उचलायचं नाही. त्याचा अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा, असं करत संध्याकाळी ताटलीत नखाएवढा केक उरायचा आणि तो सफाईवाला टाकून द्यायचा.

पुढच्या आठवड्यात एल्डन कणसं घेऊन आला. स्वयंपाकघरात उभा राहिला, बसा म्हटलं तर बसला नाही.

"घराचा काही विचार केलात का?" त्याने विचारलं.

मार्नीने कोल्बीकडे पाहिलं. कोल्बी कणीस सोलत होता, ते त्याने फारच मन लावून सोललं.

"मोह होतो हो, काका," मार्नी म्हणाली. आवाज लोण्यासारखा मऊ. "पण नको. बरं नाही दिसत."

"बरं," एल्डन म्हणाला. "कणसं आजच खा, उद्या गोडी जाते."

दार लागल्यावर कोल्बी म्हणाला, "आता आले की हो म्हणून टाकायचं."

"लगेच नाही," मार्नी म्हणाली. "आधी जरा गप्प बसायचं."

त्या आठवड्यात तिने बैठकीच्या भिंतीसाठी रंगाचे नमुने आणले. कोल्बी कुंपणाशी उभं राहून एल्डनच्या खिडक्या डोळ्यांनी मोजू लागला. तळघरात पहिल्यांदाच हसण्याचे आवाज यायला लागले आणि मी वर भांडी घासता घासता ऐकत राहायचे. मी इतकी खूश होते की त्या जावयाचे मोरीच्या जाळीत अडकलेले केस मी न बोलता काढले.

एल्डन मात्र आला नाही. कुंपणावरून हात करायचा, हवामान सांगायचा, आत जायचा. त्याला आठवण करून देणं म्हणजे लाजवणं, म्हणून आम्हीही हात करायचो आणि हवामान सांगायचो. जुलै असा हवामानातच संपला.

मग एका शनिवारी शिकागोचा एक तरुण आला. कोपऱ्यावरचं घर बघायला आला होता, ते गेलेलं होतं. परत जाताना त्याला एल्डन झाडांना पाणी घालताना दिसला. गाडीची काच खाली करून त्याने विचारलं, "आजोबा, तुमचं विकायचं आहे का?"

एल्डनने ते सगळं मला नंतर सांगितलं, अजूनही आश्चर्य ओसरलं नव्हतं. "मी म्हटलं, विचार आहे. तो म्हणाला, घेतो. मी म्हटलं, कॉफी घेणार? म्हणाला, हो. लॉर्ना, पहिल्याच वेळी. मला वाटलं, पोराला चक्कर येत असेल."

मी घरी येऊन मार्नीला सांगितलं. ती जेवत होती. काटा खाली ठेवून ती सरळ दाराबाहेर पडली, चप्पल न घालता, हिरवळीवरून एल्डनच्या दारात. मी मागोमाग निघाले, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून लिंबाच्या वड्यांचा डबा घेतला.

"काका, मला हवं होतं ते घर," मार्नी दारातूनच म्हणाली. आमच्या खानदानात असं वाक्य कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

एल्डन खुर्चीत बसला. "तू नाही म्हणालीस."

"तसं म्हणायचं असतं."

"दोनदा म्हणालीस."

"तिसऱ्यांदा विचाराल म्हणून थांबले होते."

एल्डन बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"तिसऱ्यांदा अर्डिस विचारायची," तो म्हणाला. "मी दोनदा विचारायचो आणि पाहुण्यांचे कोट आणायला जायचो. कोट घेऊन परत यावं तर लोक टेबलाशी बसलेले आणि ताटं वाढलेली. मला वाटायचं, त्यांचा विचार बदलला. पन्नास वर्षं मी तेच समजत आलो."

मी वड्यांचा डबा दुसऱ्या हातात घेतला.

"ती गेल्यापासून माझ्याकडे कोणी जेवायला थांबत नाही," एल्डन म्हणाला. "मी म्हटलं, लोकांना तीच आवडायची. ते बरोबरही होतं म्हणा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या हिवाळ्यात त्याने मांस भाजलं होतं, जेवायला थांबतेस का म्हणून मला विचारलं होतं. मी दोनदा नाही म्हटलं, त्याने माझा कोट आणून दिला, आणि मी घरी येऊन टोस्ट खाल्ला. वर मनात म्हटलं, म्हातारा चिक्कू झाला.

"सही सोमवारी आहे," एल्डन म्हणाला. आता तो मार्नीकडे सरळ बघत होता. "त्याला मी नुसतं हो म्हटलंय. मार्नी, तुला हवं का घर? असेल तर त्याला फोन करतो. तो रागावेल, रागावू दे."

एल्डन थोर्सनने 'दिलेला शब्द मोडतो' म्हणावं ही साधी गोष्ट नव्हती. त्याचे कान लाल झाले होते. मार्नीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. घे, घे, असं माझं सगळं अंग ओरडत होतं. पण हा त्यांचा दोघांचा मामला, मध्ये आपण बोललो तर एल्डनची पंचाईत आणि हिच्यावर दडपण. मी वड्यांच्या डब्याचं झाकण नीट बसवायला लागले.

"नाही, काका," मार्नी म्हणाली. "तुम्ही शब्द दिलाय त्याला."

"नक्की?"

"नक्की."

तिचा आवाज या वेळी मऊ नव्हता. एल्डनने मान हलवली, फोन उचलला आणि आमच्यासमोरच त्या शिकागोवाल्याला सोमवारचं पक्कं म्हणून कळवलं. मी वड्या टेबलावर ठेवल्या. आम्ही निघालो.

हिरवळीवरून परत येताना माझ्याने राहवलं नाही. "शब्दाचं ठीक आहे," मी म्हटलं, "पण सही कुठे झाली होती?"

मार्नी थांबली. "आई, मी ते घर घ्यावं असं तुला वाटत होतं?"

"वाटत होतं."

"कधीपासून?"

"त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? मला वाटलं, दोन वर्षं आम्हाला तळघरात सोसलंस, आता शेजारी पण आम्हीच म्हटल्यावर तुला नकोसं होईल. मघाशी मी तुझ्याकडे बघितलं. तू डब्याचं झाकण लावत होतीस."

"मला वाटलं, तुझ्यावर दडपण येईल."

"आलं असतं," मार्नी म्हणाली. "आणि मी हो म्हटलं असतं."

ती आत गेली आणि तळघरात उतरली. थोड्या वेळाने खालून कोल्बीचा आवाज आला, अँकेनी गावाच्या पलीकडे नवी घरं बांधतायत, तिथे अजून मिळतील, इथून पाऊण तास लागतो एवढंच.