‘दोघे’ यांची नोंद

“हे वाक्य साफ खोटं आहे,” थोरल्यांनी कागद ताईंकडे ढकलला. “म्हणे, ‘छत्रीवालं अस्वल दोघांनी मिळून साकारलं!’ अस्वल मी काढलं. त्यानं फक्त छत्रीत रंग भरला.”

“वरच्या मजल्यावर तुमचे धाकटे बंधू म्हणतात, अस्वल त्यांनी काढलं आणि तुम्ही नुसती छत्री काढलीत.”

“म्हणू दे. लहानपणापासून थापाड्या आहे तो.”

ताईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सकाळपासून चार वेळा त्या हा जिना चढल्या होत्या आणि चार वेळा उतरल्या होत्या. गुडघे बोलायला लागले होते. वय छप्पन्न. त्यातली एकोणीस वर्षं या एका कामात गेली होती: मुलांसाठी लिहिणाऱ्यांचा आणि चित्रं काढणाऱ्यांचा चरित्रकोश. कोण कधी जन्मला, काय लिहिलं, काय रंगवलं, कधी गेला. ऐकायला सोपं वाटतं. पण मुलांना खरं बोलायला शिकवणारी ही मंडळी स्वतःच्या जन्मसालात मात्र बेलाशक चार-पाच वर्षं चोरायची. कुणाला दोन ओळी जास्त हव्या असायच्या, कुणाला शेजारच्या नोंदीतल्या दोन कमी. ताई सगळ्यांच्या मागे तारखांसाठी हात धुऊन लागायच्या. घरी नवरा म्हणायचा, “तुझ्या त्या कोशात माझीही एक नोंद घाल. म्हणजे मलाही तुझा दिवसातून एखादा फोन येईल.”

पण या भावांनी कहर केला होता. वीस वर्षं दोघांनी एका टेबलावर बसून चित्रं काढली आणि खाली एकच सही केली: ‘दोघे’. मग एका पुस्तकाला मोठं बक्षीस मिळालं. धाकटे तापानं अंथरुणाला खिळले होते, म्हणून थोरले एकटेच घ्यायला गेले. तिथल्या भाषणात त्यांनी ‘मी’ म्हटलं. एकदा नाही, सगळ्या भाषणभर. धाकट्यांनी ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं आणि आपलं सामान उचलून वरच्या मजल्यावर नेलं. त्याला एकतीस वर्षं झाली होती. दोघांपैकी कुणाचंही लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे मध्यस्थी करायला घरात दुसरं माणूसही नव्हतं.

ताईंचा फोन वाजला. मुख्य संपादक होते.

“ताई, ‘द’चा खंड अडकलाय तुमच्या त्या एका नोंदीपायी. दहा ओळींची तर नोंद!”

“साहेब, त्या दहा ओळींसाठी दोन म्हातारे माझा जीव खातायत.”

“आज संध्याकाळी मजकूर हवा. नाहीतर गाळा त्यांना.”

ताई पाचव्यांदा जिना चढल्या. धाकट्यांनी दार अर्धंच उघडलं. कागद वाचून त्यांनी तोंड वाकडं केलं.

“‘दोघांनी मिळून’ हे शब्द काढून टाका. आणि नोंदीत त्याचं नाव आधी कशाला?”

“ते मोठे आहेत म्हणून.”

“वयानं.”

“मग मोठा माणूस वयानंच असतो ना हो!”

“तुम्ही खालच्याची बाजू घेताय.”

एवढं ऐकलं आणि ताईंचा बांध फुटला. त्या तडक उतरल्या, ते थेट जिन्याच्या मधल्या वळणावर येऊन थांबल्या. तिथून त्यांनी असा आवाज लावला की समोरच्या घरातली खिडकी उघडली.

“आता दोघंही नीट ऐका! मी यापुढे एक पायरी चढणार नाही आणि एक उतरणार नाही. ‘दोघांनी मिळून’ असंच छापणार. मान्य नसेल तर अख्खी नोंद गाळते. मग बसा आपापल्या मजल्यावर. तुम्ही कधी चित्रं काढली होती हेसुद्धा कुणाला कळायचं नाही. बोला लवकर!”

मग वरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“गाळू नका.”

आणि लगेच खालून, “छापा काय ते.”

ताई घामाघूम होऊन ऑफिसात पोचल्या आणि मजकूर टेबलावर आपटून म्हणाल्या, “पुढच्या जन्मी कोश करायचाच झाला तर झाडांचा करीन. ती भांडत तरी नाहीत.”

दीड महिन्यानं तपासायची शेवटची मुद्रितं आली, आणि त्याच आठवड्यात पेपरात चार ओळींची बातमी आली: धाकटे गेले. बातमीत तारीख नव्हती. कोशाला तारीख लागते. ताईंनी फोन केला, कुणी उचलला नाही. चरफडत त्या पुन्हा त्या घराशी गेल्या. खालचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणीच नव्हतं.

थोरले वर सापडले. धाकट्यांच्या खाटेवर बसले होते. भोवती चित्रांच्या चळती होत्या. त्यांनी त्या चाळल्या नव्हत्या.

“तारीख हवी होती,” ताई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना स्वतःलाच खडबडीत वाटला.

“मंगळवार. पहाटे गेला असं डॉक्टर म्हणतात.” थोरले थांबले. “मला संध्याकाळी कळलं. त्याची कामवाली आली आणि ओरडली, तेव्हा. दिवसभर मी खालीच होतो. दुपारी मनात म्हटलंसुद्धा, बरं झालं, आज हा वर खुर्ची सरकवत नाहीये.”

ताईंनी तारीख लिहून घेतली. मग काय करावं ते न सुचून त्यांनी नोंद वाचून दाखवली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. थोरल्यांनी एकाही शब्दाला हरकत घेतली नाही.

“एक ओळ वाढवता येईल?” त्यांनी विचारलं. “दोघं भाऊ एकाच घरात राहायचे. एवढंच.”

कोशात राहण्याचा तपशील घेत नाहीत. ‘स्वभावानं मायाळू’, ‘मुलांवर फार जीव’ अशा शेकडो ओळी ताईंनी एकोणीस वर्षांत आपल्या हातानं खोडल्या होत्या. त्यांनी समासात ओळ लिहिली, थोरल्यांना दाखवली आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग त्या खाली गेल्या, त्यांच्या स्वयंपाकघरात चहा केला आणि कप वर नेऊन दिला.

संध्याकाळी ऑफिसात अक्षरजुळणी करणारा कॉम्प्युटरसमोर डोकं खाजवत होता.

“ताई, तुमच्या या ओळीनं घोळ झालाय. पान मावत नाही. ‘घरात राहत असत’ हे तीनच शब्द पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटे जातायत. तुम्हाला असलं चालत नाही ना? काढू ओळ?”

ताईंनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “पुढचं पान लाव.”