सर्वानुमते मंजूर

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी लाकडी मूठ धरून धरून गुळगुळीत झाली आहे आणि अंगावर आज एकच शब्द उरला आहे. पूर्वी दोन होते: 'सर्वानुमते मंजूर'. त्यातला पहिला कुठे गेला, तीच माझी कथा.

जिन्याखालच्या एका दुकानात माझा जन्म झाला. शिक्केवाल्याने माझी अक्षरं उलटी कोरली, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटतील. मग एका संस्थेच्या चिटणीस बाईंनी मला विकत घेतलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची दोन खोल्यांची कचेरी होती. ही संस्था एका डिजिटल नाण्याची काळजी घ्यायची. ते नाणं खिशात खुळखुळत नाही. त्याला ना राजा, ना बँक. त्याची नोंद हजारो लोकांच्या कम्प्युटरवर एकाच वेळी असते, त्यामुळे कुणा एकाला ती गुपचूप खोडता येत नाही. संस्था त्याची मालक नव्हती; त्याचा प्रोग्राम दुरुस्त ठेवायचा, एवढंच तिचं काम. नियम मात्र कडक होता. सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं, ते वहीत लिहून सात दिवसांत इंटरनेटवर लावायचं. कुणीही वाचावं, कुणीही जाब विचारावा.

इतक्या नव्या जमान्याच्या संस्थेत माझ्यासारखा रबराचा तुकडा कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण नोंदणी कचेरीला कागदी वहीच लागायची, आणि वही म्हटलं की शिक्का आला! त्यामुळे माझा रुबाब काही औरच होता.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष हे चिटणीस बाईंचे धाकटे दीर. लोक थट्टेने म्हणायचे, "दीर अध्यक्ष, वहिनी चिटणीस. भांडण होणार तरी कशावरून?" आणि खरंच होत नसे. वहिनींनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चुकलेली वेलांटी त्यांना खपत नसे. पण रोजच्या सवयीपुढे शहाणपण चालत नाही. एका दुपारी कंटाळून त्यांनी वहीची पुढची दहा कोरी पानं काढली आणि धाडधाड माझे ठसे मारून ठेवले. नाहीतरी सगळं सर्वानुमतेच व्हायचं! मलाही तेव्हा मोठी मजा वाटली. आज आठवलं की लाज वाटते.

पुढच्याच सभेत किल्ल्यांचा विषय निघाला. प्रोग्राममध्ये बदल करायचा तर पाच जणांकडच्या पाच गुप्त किल्ल्यांपैकी, म्हणजे लांबलचक सांकेतिक आकड्यांपैकी, तीन तरी लागायच्या. अध्यक्ष म्हणाले, "कुणी गावाला जातं, कुणाचा फोन लागत नाही. कामं अडतात. सगळ्या किल्ल्या माझ्याकडेच राहू द्या." तीन हात मुकाट्याने वर झाले. वहिनींचा झाला नाही.

"भाऊजी, तुमच्यावर माझा भरवसा आहे," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या किल्ल्या एकाच हातात द्यायला माझा विरोध आहे. मी तसं लिहिते."

त्यांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. पानावर मी आधीच उमटलो होतो.

"राहू द्या ना वहिनी," अध्यक्ष हळूच म्हणाले. "खोडलंत तर लोक म्हणतील, ठराव व्हायच्या आधीच शिक्का कसा? कुठेतरी पाणी मुरतंय. जुन्या पानांवरही संशय घेतील. नाव तुमचंच खराब होईल."

ते खोटं नव्हतं. पण वहिनींनी पट्टी घेतली, माझ्या ठशावर सरळ रेघ मारली आणि म्हणाल्या, "छापून गेलेली चूक लपत नाही, भाऊजी. शुद्धिपत्र काढावं लागतं."

त्यांनी ते काढलं. स्वतःचा विरोध लिहिला आणि कोऱ्या पानांवर आपणच शिक्के मारल्याचंही लिहिलं. सात दिवसांत ते सगळ्यांनी वाचलं. बोलणारे बोलले. विशेष सभा भरली, जिना माणसांनी भरून गेला. सभासदांनी किल्ल्या पाच जणांकडेच ठेवल्या, आणि दीर-वहिनी एकाच समितीत नकोत असंही ठरवलं. वहिनींचं पद गेलं.

त्या सभेत समितीतले म्हातारे घड्याळजी उभे राहिले. सभेत त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "किल्ल्यांच्या वेळी मीही नाहीच म्हणणार होतो. त्याआधीही दोनदा मनात होतं. पण वहिनींचा हात शिक्क्याकडे जायचा, आणि मी मूग गिळून बसायचो. या वेळीही त्याच सवयीने हात वर गेला."

मित्रांनो, इतकी वर्षं मी समजत होतो, की सगळ्यांचं मत झाल्यावर मी उमटतो.

कचेरी सोडताना वहिनींनी पाकिटातून ब्लेड काढलं आणि माझा पहिला शब्द नीट, न दुखवता कापून टाकला. आता मी उमटतो तेव्हा माझ्या आधी कोरी जागा सुटते. तिथे हाताने लिहावं लागतं, कोण हो म्हणालं आणि कोण नाही. घड्याळजी हल्ली भरपूर बोलतात. खरं सांगायचं तर जरा जास्तच बोलतात.

तुम्हीही उद्या कुठल्यातरी वर्गात, घरात, सभेत बसाल आणि कुणीतरी म्हणेल, "सगळ्यांचं हेच मत आहे." तेव्हा शिक्का उचलायची घाई करू नका. जो गप्प बसला आहे, त्याला आधी विचारा.