मिसल नंबर दोनशे चौदा

गाडी आमच्या अंगणात आली ती बैलांनी ओढून आणलेली. गावच्या जिनिंग कारखान्याच्या जुन्या मॅनेजरसाहेबाची ती दोन माणसांची लाल एमजी मोटार. साहेब विलायतेला गेल्यापासून तीस वर्षं सरकीच्या पोत्यांआड पडून होती. शेड पाडायचं ठरलं तेव्हा मालक म्हणाले, कुणाला हवी तर घेऊन जा. मी चारचौघांत कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोललो. कारण सांगायला संकोच वाटतो. लग्नानंतरच्या वर्षी सुभद्रेला बैलांच्या दमणीतून तलमडुगुला तिच्या बहिणीकडे नेत होतो, तेव्हा हीच गाडी धूळ उडवत आमच्या शेजारून पुढे गेली होती. सुभद्रा वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिली होती.

बैल होते तलमडुगुच्या साडभाऊ उद्धवरावांचे. जू सोडता सोडता ते म्हणाले, "यशवंतराव, ही माह्या दारी सोताच्या पायानं आली, तर बैलाच्या बरोबरीनं पूजा करतो हिची."

"पूजा राहू द्या, भाऊजी," सुभद्रा ओसरीवरून म्हणाली. "यायची एक तरी गोष्ट शेवटाला गेलेली दाखवा. कोश 'ज'वर अडला. पेटीवर अजून 'सारेगम'च चालू हाय."

ती खोटं बोलत नव्हती. दफ्तरी उर्दू शब्दांचा माझा मराठी कोश सात वर्षं 'जमाबंदी'पाशी थांबला होता. मनाशी म्हटलं, ही एक गोष्ट पुरी करायची आणि सुभद्रेला तिच्यात बसवून तलमडुगुला न्यायचं. मोठ्यानं मात्र बोललो नाही.

मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. कळत होतं ते एकच काम. तहसिलीच्या मोहाफिजखान्यात एकतीस वर्षं जुने कागद सांभाळले होते. तीच रीत धरली. फकिरा मिस्त्री स्टँडवरचं दुकान मिटून संध्याकाळी येई आणि एकेक भाग सोडवी. मी तो रॉकेलात धुऊन चिंधीत बांधी, लाल दोऱ्यानं चिठ्ठी लावी आणि वहीत मिसल नंबर, म्हणजे दफ्तरातल्या फायलीसारखा नंबर, टाकी. होळीच्या आठवड्यात सगळी गाडी अंगणात बाजांवर आणि पोत्यांवर पसरली होती.

"चाचा, इंजन खोल रहे की मुकदमा चला रहे?" फकिरा विचारी.

आषाढात गाडी परत जोडून झाली. मी नंबर वाचायचा, फकिरा बसवायचा. हँडल मारल्यावर ती चौथ्या खेपेला खोकली आणि चक्क चालू झाली. फकिरानं मला मिठी मारली. मी वही बघत होतो. मिसल नंबर दोनशे चौदा पोत्यावर तशीच पडून होती.

पितळेची गोल चकती, तिला बारीक भोकं. वहीत त्या नंबरापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'जाळी, तेलाची असावी.' कुठून काढली, ते लिहिलंच नव्हतं. एकतीस वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं.

"छोडो चाचा, गाडी चल रही ना?"

पण दफ्तरात एक कागद जास्त निघाला, की कुठली तरी मिसल अपुरी असते. मी इंजिन पुन्हा उघडायला लावलं. दोनदा. जाळी कुठेच बसेना. मग मी ती खिशात घालून हिंडू लागलो. टपालवाल्याला दाखवली, तो म्हणाला पेट्रोलच्या टाकीची. शेजारचे तेलुगू ओव्हरसियर म्हणाले हवेची. बससाठी थांबलेल्या नार्नूरच्या ड्रायव्हरशी तर मी अर्धा तास बोलत बसलो. घरी आल्यावर माझं मलाच नवल वाटलं. फकिरानं जिनिंगच्या पटांगणात मला गाडी शिकवली, पण फाटकाबाहेर मी ती नेईना. तलमडुगुचा बेत तीनदा ठरवला आणि तीनदा मोडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर जाळी पुसत होतो. सुभद्रा आली आणि तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"पुरे झालं तुमचं पाहणं. मले पुरण वाटायचं हाय."

"कशानं?"

"पुरणयंत्रानं. ह्या जाळीनं. होळीला धुऊन तुमच्या बाजेवर वाळू घातली होती. तुमी रॉकेलात बुडवली."

 मी म्हणालो, "तू तेव्हाच ओळखली होतीस?"

"नाही तं काय."

"मग सांगितलं काऊन नाही? मी दोनदा इंजिन उघडलं!"

"तुमी त्या जाळीपायी साऱ्या गल्लीशी बोलून राह्यले होते," ती म्हणाली. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तुमाले एवढं बोलताना म्या कदी पाह्यलं नव्हतं. म्हटलं, नागपंचमीचं पुरण पाट्यावर वाटू. होऊ द्या थोडं."

जाळी तिनं चिंचेनं तीनदा घासली. मी वहीत दोनशे चौदापुढे लिहिलं, 'दुसऱ्या दफ्तराची. रवाना.' आता अपुरं काही उरलं नव्हतं, तेव्हा न जायला कारणही उरलं नव्हतं.

पोळ्याच्या दुपारी पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन सुभद्रा गाडीत बसली.

"इचार करा," ती म्हणाली. "आज बैलाले कोणी जू लावत नाही. बंद पडली तं ओढायला तुमी अन् मीच."

मी गाडी रस्त्याला लावली. एक खड्डा चुकवताना डबा उडाला, पण तिनं तो झेलला. मधे एक बैलगाडी येताना दिसली; बहुधा पोळा न पाळणाऱ्या कुणाची असावी. तिला ओलांडताना मी चोरून शेजारी पाहिलं. सुभद्रा मागे वळून त्या बैलगाडीकडे बघत होती आणि हसत होती.

तलमडुगुच्या वेशीवर तोरणाखाली सजवलेले बैल रांगेत उभे होते. मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी एक आचका देऊन बंद पडली, ती नेमकी रांगेच्या शेवटी. उद्धवराव धावत आले.

"दारी आली नाही, वेशीशीच बसली," मी कसाबसा म्हणालो.

"बैल तरी आज कुठं दारी हायेत? इथंच हायेत ना!" असं म्हणून त्यांनी उरलेली झूल बॉनेटवर टाकली. सुभद्रेची बहीण देवकाबाई ओवाळायला आली. तिनं चारी चाकांवर पाणी घातलं, गाडीच्या पुढच्या दिव्यांच्या मधोमध कुंकू लावलं आणि विचारलं, "हिले नैवेद्य काय दावायचा?"

सुभद्रेनं डबा उघडून एक पोळी बॉनेटवर ठेवली.

"वास घेऊन पाह्य, अक्का. थोडा रॉकेलचाच हाय. हिले चालते."

परतताना गाडी सातव्या हँडलला चालू झाली. मी वहीत सहाच लिहिले होते. सुभद्रेनं ते खोडून सात करायला लावलं.